नाचणीचे सत्त्व : बाळाचा घास आणि घरचा धंदा

लहान मुलांच्या खाण्याचा बाजार आज किती वाढला आहे, हे कोणत्याही किराणा दुकानाच्या फळीकडे पाहिले की कळते. वरच्या फळीवर डबे, खालच्या फळीवर बिस्किटे आणि दारात दोरीला लटकणारी वेफरची पाकिटे. सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता घाट चढून आंबोलीत पोहोचतो, तिथेही हेच दृश्य आहे. पावसाळ्यात धबधबा पाहायला गर्दी लोटते. चहा, भजी, भाजलेले कणीस आणि पाकिटातल्या शेवया हातोहात खपतात. पण कडेवर दीड वर्षाचे मूल असलेल्या आईला या सगळ्यात त्याला भरवण्याजोगे काय मिळते? बहुतेक वेळा चहात बुडवलेले बिस्किट. आणि हे त्या गावात, ज्याच्या आजूबाजूच्या डोंगरउतारांवर नाचणी आणि वरी पिकत आली आहे!

या पानाचे वाचक दोन प्रकारचे आहेत. काहींच्या घरात लहान मूल आहे, तर काही घरगुती खाद्यपदार्थांचा छोटा धंदा करतात किंवा करू इच्छितात. नाचणीचे सत्त्व हा विषय दोघांनाही लागू पडतो, कारण विकणाऱ्याने केलेली चूक शेवटी बाळाच्या पोटात जाते.

वाटीचे गणित

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ मिलिग्रॅम लोह लागते, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे प्रमाण सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमही भरत नाही, आणि शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० असते. म्हणजे तीस ग्रॅम नाचणीच्या पिठाची एक वाटी आंबील दिली, तर कॅल्शियमचा पाचवा हिस्सा एका वाटीत येतो. तो सगळाच अंगी लागतो असे नाही; धान्यातले फायटेट त्यातला काही भाग अडवून धरते. मोड आणल्याने हा अडसर कमी होतो. आपल्या आज्या नाचणी भिजवून मोड आणत, त्यामागे ही गोष्ट होती.

मोडाचा दुसरा फायदा धंद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. लहान मुलाचे पोट लहान असते. वजनाच्या दर किलोला सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे दहा किलोच्या मुलाचे पोट तीनशे मिलिलिटरमध्ये भरते. उकड्या तांदळाची पातळ पेज पाजली की पोट भरते, पण ताकद मिळत नाही. पेज घट्ट केली तर मूल गिळत नाही. मोडाच्या धान्यात तयार होणारे अमायलेज हे द्रव्य घट्ट खळ पातळ करते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर पद्धतशीर काम केले. त्यांनी दाखवले की मोडाचे पीठ चिमूटभर घातले तरी घट्ट आटवल सैल होते. हे पीठ फार भाजले तर मात्र ही शक्ती मरते, म्हणून भाजणी मंद आचेवर आणि बेताची हवी. आटवल शिजवून थोडी निवली की त्यात मोडाचे पीठ ढवळावे, ती पातळ झाली की पुन्हा एक उकळी आणावी. ही उकळी टाळू नये, कारण मोड येण्याच्या ओलाव्यात जंतूही वाढतात.

वाटीत एक चमचा साजूक तूप किंवा खोबरेल घातले की साधारण पंचेचाळीस कॅलरी वाढतात. एवढ्या छोट्या पोटासाठी ही मोठी भर आहे.

सत्त्व म्हणजे नक्की काय?

बाजारात ‘नाचणी सत्त्व’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि ग्राहकाला ते कोणी सांगत नाही. पहिल्या प्रकारात नाचणी भिजवून वाटतात, फडक्यातून गाळतात, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. दिसायला सुंदर, पचायला हलके. पण नाचणीचे कॅल्शियम मोठ्या प्रमाणात तिच्या सालीत असते, आणि गाळताना ते चोथ्याबरोबर जाते. फेकला जाणारा चोथा गुरांच्या वाट्याला येतो, म्हणजे बाळापेक्षा गाय सुखी. दुसऱ्या प्रकारात नाचणी भिजवून मोड आणतात, वाळवतात, मोड चोळून काढतात, मंद भाजतात, दळतात आणि बारीक चाळणीने चाळतात. हे पीठ तांबूस-करडे दिसते, पण त्यात धान्याचा मोठा भाग राहतो. सहा-सात महिन्यांच्या बाळाला सुरुवात करताना पहिला प्रकार चालतो. वर्षानंतरच्या मुलाला दुसराच द्यावा, असे आमचे मत आहे. विकणाऱ्याने पाकिटावर ‘गाळलेले’ की ‘मोडाचे दळलेले’ हे स्वच्छ लिहावे. रंग पांढरा दिसावा म्हणून तांदळाचे पीठ मिसळून ‘शुद्ध नाचणी’ लिहिणे म्हणजे मापात पाप आहे.

पावसाचा हिशेब

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस झेलते. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. पर्यटनाच्या धंद्याला हा पाऊस वरदान आहे, पण वाळवणाच्या धंद्याला शत्रू. जून ते सप्टेंबर या काळात इथे मोडाचे धान्य उन्हात वाळणे अशक्य. अर्धवट वाळलेले धान्य दळले की पिठाला आंबूस वास येतो आणि पुढे बुरशी धरते.

ही बुरशी हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. दमट हवेत धान्यावर आणि विशेषतः शेंगदाण्यावर वाढणारी काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर परिणाम करते आणि घरच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. ‘जरा वास येतोय, भाजून घेऊ’ ही सवय इथे घातक ठरते. म्हणून ज्या मिश्रणात शेंगदाण्याचा कूट आहे, ते कोकणच्या पावसाळ्यात साठवून विकू नये. नुसते नाचणीचे पीठ वेगळे ठेवावे आणि कूट ज्या त्या वेळी घरी घालायला सांगावे.

नाचणी दिवाळीच्या आसपास हाती येते. तेव्हापासून मे अखेरपर्यंतचे कोरडे महिने हाच या धंद्याचा हंगाम. वर्षभराचे धान्य याच काळात मोडवून, कडक वाळवून, हवाबंद डब्यांत भरून ठेवावे. दळण मात्र मागणीप्रमाणे थोडे थोडे करावे, कारण अख्खे वाळलेले धान्य पिठापेक्षा कितीतरी जास्त टिकते. पावसाळ्यातही माल वाळवायचा असेल तर बंदिस्त ड्रायरला पर्याय नाही, आणि त्याच्या विजेचा खर्च दरात धरावा लागतो.

दर कसा काढावा? केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केला, म्हणजे किलोला जवळपास ४९ रुपये. गावात भाव याहून कमी-जास्त असेल. पण पाया म्हणून हा आकडा धरावा आणि त्यावर निवडण्यातली, मोड चोळण्यातली, चाळण्यातली घट स्वतः तोलून मांडावी. मग दळणावळ, पाकीट, चिठ्ठी, घाट उतरण्याचे भाडे. शेवटी आपली मजुरी. घरगुती धंदा बुडतो तो बहुतेक याच शेवटच्या ओळीत, कारण बायका आपल्या हातांचे मोल शून्य धरतात. दोन वर्षे फुकट राबून मग ‘परवडत नाही’ म्हणून बंद करतात.

पाकिटावर बाळाचे चित्र नको

आता कायद्याची बाजू. अनेक बचत गट हौसेने पाकिटावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापतात आणि खाली लिहितात ‘बाळाच्या वाढीसाठी संपूर्ण आहार’. त्यांना कल्पना नसते, पण हे कायद्याविरुद्ध आहे.

आपल्या देशात १९९२ साली शिशु-दुग्धपर्याय, दूधबाटल्या आणि शिशुअन्न यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. तो ऑगस्ट १९९३ पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. त्यामागे जगभरचा अनुभव होता. डब्यांच्या कंपन्यांनी गरीब देशांत केलेल्या प्रचारामुळे माता अंगावरचे दूध सोडून पावडरीकडे वळल्या, घाणेरड्या पाण्यात कालवलेल्या दुधाने मुले दगावली, १९७७ साली नेस्ले कंपनीवर बहिष्काराची चळवळ उभी राहिली आणि १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आचारसंहिता मंजूर केली. भारताचा कायदा त्याच वाटेवरचा आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचे अन्न म्हणून जे विकले जाते, त्याची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुने वाटता येत नाहीत, सोबत वाटी-चमचा भेट देता येत नाही आणि वेष्टनावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. शिक्षेत तुरुंगवासाचीही तरतूद आहे. शिवाय शिशुपोषणाच्या अन्नासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे स्वतंत्र नियम आहेत. त्यातली घटकांची आणि तपासण्यांची प्रमाणे चुलीवर धंदा करणाऱ्याला झेपणारी नाहीत.

मग छोट्या उद्योजकाने काय करावे? ‘नाचणी सत्त्व’ हे सर्वांसाठीचे धान्याचे पीठ म्हणून विकावे आणि बाळाचे नावही घेऊ नये. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे, आणि त्याखाली लहान धंद्यालाही नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा. घटक, निव्वळ वजन, किंमत, पाकीट भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख आणि शाकाहाराची हिरवी खूण असावी. काजूची पूड, शेंगदाणे किंवा दूध पावडर मिसळली असेल तर ते ठळक लिहावे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे काजू मुबलक, म्हणून चवीला पूड घालण्याचा मोह होतो. पण एखाद्या मुलाला काजूची ॲलर्जी असली तर ती चिमूट जिवावर बेतू शकते.

साखर घालूच नये. स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वाटीमागे सरासरी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर आहे, जेव्हा त्याच कंपनीचा तसाच माल युरोपात बिनसाखरेचा विकला जातो. देशभर गदारोळ झाला. त्याच महिन्यात केंद्राने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढण्यास सांगितले. मोठ्या कंपनीची जी चूक जगाने दाखवून दिली, ती घरगुती पाकिटात पुन्हा कशाला? ‘बिनसाखरेचे’ हेच आज सर्वांत चांगले विक्रीचे वाक्य आहे, आणि ते खरेही असेल.

अंगणवाडीच्या पुरवठ्याकडे अनेक बचत गटांचे लक्ष असते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये सांगितले की या आहाराचा पुरवठा ठेकेदारांकडून नको, गावातली मंडळे आणि बचत गट यांच्याकडून व्हावा. तरीही ‘महिला मंडळ’ नावाच्या आडून बडे ठेकेदार शिरत राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच न्यायालयाने महाराष्ट्रातले सुमारे ६,३०० कोटी रुपयांचे ‘घरपोच आहारा’चे ठेके रद्द ठरवले. छोट्या गटांनी यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. निकाल आपल्या बाजूने असला तरी काम मिळायला नोंदणी, स्वच्छ जागा आणि नियमित पुरवठ्याची ताकद लागते. ती नसेल तर अर्ज करून फायदा नाही.

दिवसभराचा बेत

आता घरच्या वाचकांसाठी. वर्षानंतरच्या मुलाला दिवसात तीन-चार जेवणे आणि मध्ये एक-दोन वेळा हलके खाणे द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका वेळी पाऊण ते एक वाटी, वाटी अडीचशे मिलिलिटरची. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे. सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षांचाच उल्लेख आहे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

सकाळी मोडाच्या नाचणीची आंबील, त्यात कुस्करलेले वेलची केळे. दहाच्या सुमारास आंबोळीचा मऊ तुकडा, दह्यात भिजवलेला. (गावाचे नाव आंबोली आणि पदार्थाचे आंबोळी, घाटाखालच्या पाहुण्यांचा यात नेहमी गोंधळ होतो.) दुपारी मऊ भात, वरण किंवा कुळथाची पातळ पिठी, तूप, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा. लिंबाचे चार थेंब घातले तर डाळीतले लोह अधिक अंगी लागते. संध्याकाळी उकडलेले अंडे कुस्करून, किंवा पिकलेली पपई. रात्री खिमट किंवा मऊ भाकरी दुधात कुस्करून. घरात मटण-कोंबडी शिजते तेव्हा तिखट घालण्याआधी बाळाचा वाटा बाजूला काढावा. कलेजीचा छोटासा तुकडा आठवड्यातून एकदा लोहासाठी उत्तम, रोज मात्र नको.

मासे हे तर मालवणी किनाऱ्याचे धन. मुडदुशे किंवा बांगडा ताजा असेल तर उकडून, बोटांनी चाचपून, काटा काढून द्यावा. भरवणाऱ्याने प्रत्येक घास स्वतः बोटांत दाबून पाहावा. मोरी मात्र लहान मुलाला देऊ नये. बाळंतिणीला मोरी देण्याची कोकणात जुनी चाल आहे, पण मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो, आणि तो वाढत्या मेंदूला वाईट. सुकट आणि सोडे चवीला छान, पण मिठाने भरलेले.

चहा पूर्ण बंद. चहा लोह अडवतो. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी जवळजवळ ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. चहा-बिस्किटावर वाढणारे मूल गुबगुबीत दिसते आणि रक्ताने रिकामे असते. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त देऊ नये. दुधाने पोट भरले की मूल जेवत नाही, आणि दुधात लोह नसल्यासारखेच.

एक वर्षाच्या आत मध चाटवू नये, त्यातल्या जंतूंमुळे अंग लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. आणि जायफळ! कोकणात घरोघरी जायफळाचे झाड, म्हणून मूल झोपावे यासाठी वेढा उगाळून देण्याची सवय. एखादा वेढा जास्त झाला की ती झोप नसून विषबाधा असते.

दाणा अडकला तर

शेवटी ज्या गोष्टीने घरात क्षणात हाहाकार होतो ती. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, मक्याचे दाणे, करवंद, जांभूळ, चिंचोके, सीताफळाच्या बिया, आठळ्या, जत्रेतला मालवणी खाजा, चिक्की, गोळ्या यांपैकी काहीही चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला की ओलाव्याने फुगतो. द्राक्षे उभी चिरून चार फोडी कराव्यात, गाजर शिजवून द्यावे. रमजानमध्ये इफ्तारच्या ताटाजवळ मूल घुटमळते. खजूर बी काढून, कुस्करूनच त्याच्या तोंडात जावा. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन कशाचे, हे आपले ग्राहक विचारतातच. त्याआधीचा प्रश्न हा, की ती गुळगुळीत गोळी घशात बसली तर काढायची कशी?

मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज बंद झाला, ओठ निळे पडू लागले, तर वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच वेळा जोराने मारावे. मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबावे. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून हेच करावे, आणि दुसऱ्याने गाडी बोलवावी. मूल बेशुद्ध पडले तर सपाट जमिनीवर ठेवून छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे धरून पाठीवर मारावे, आणि पोटाऐवजी छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने दाबावे. दिसत नसताना घशात बोट फिरवू नये, वस्तू आणखी आत जाते. आंबोलीहून सावंतवाडी सुमारे तीस किलोमीटर, तेही घाटाचे. अडकलेला दाणा तेवढी वाट पाहत नाही, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला यावे.

हॉटेल आणि टपरीवाल्यांना यातूनच एक धंदा सुचतो. पावसात भिजलेल्या पर्यटकाच्या बाळासाठी गरम नाचणीची आंबील, बिनमिठाची बिनसाखरेची, ताजी उकळलेली, झाकलेल्या भांड्यातून. उकळलेले पाणी, धुतलेली वाटी, आणि दोन तासांत न खपलेली आंबील फेकून देण्याची तयारी एवढेच भांडवल.

सत्त्वाची पहिली खेप मात्र पाच किलोचीच करावी. किती वाळले, किती घटले, किती पीठ आले हे वहीत मांडावे. सात-आठ पाकिटे घरी ठेवावीत, दर पंधरा दिवसांनी त्यातले एक फोडून वास, रंग आणि जाळी पाहावी. ज्या पंधरवड्यात पीठ कडवटले, त्याच्या बरेच आधीची तारीख पाकिटावर छापावी.